गाडीला दिलेलं आवतन

प्रमोदचा फोन आला तेव्हा त्याने आधी रंगाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग सांगितलं की गाडी पडली. मी घाईने विचारलं, लागलं का कुणाला, कारण त्याचा मुलगा सकाळीच मोटरसायकल घेऊन चिखलीला गेलेला होता. मग कळलं, पडली ती भिंतीवरची गाडी. मुलाच्या लग्नासाठी उंद्रीच्या घराला रंग देणं चाललं होतं आणि शिडीचा धक्का लागून बैठकीतली तसबीर खाली आली होती. काच फुटली, लाकडी चौकटीचा एक कोपरा उघडला, फोटोला काही झालं नव्हतं. "ताई, तू नेतं का? नाहीतं ठेवतो माळ्यावर," धाकटा भाऊ मला म्हणाला. मी म्हटलं, हात लावू नको, मी येते.

त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.ने गेले आणि तसबीर जुन्या लुगड्यात गुंडाळून बुलढाण्याला घेऊन आले. मी पोस्टात आहे. तीसेक वर्षं लोकांच्या पाकिटांवरचे शिक्के बघण्यात गेली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती निघाली कुठून हे आधी बघायची खोड लागली आहे. पत्ता नंतर. या गाडीचं मात्र पन्नास वर्षांत मी काहीच बघितलं नव्हतं. घरातल्या वस्तूंचं हे असंच होतं, रोज दिसतात म्हणून बघायच्या राहून जातात.

फोटो काळापांढरा, हातभर रुंद. डावीकडे इंजिनाचं गोल, पुढे आलेलं नाक आणि नाकावर एक चांदणी. शाळेच्या पुस्तकातल्या इंजिनांचं धुराडं, घंटा, नळ्या सगळं बाहेर निघालेलं असायचं. या इंजिनाचं सगळं आत झाकलेलं होतं. नाकापासून मागच्या कोळशाच्या डब्यापर्यंत पाठीची एकच गुळगुळीत रेघ गेलेली. त्या डब्याशी करड्या पुठ्ठ्याची किनार यायची आणि गाडी संपायची. माणसांचे डबे नव्हतेच. पहिलीत असताना मी विचारलं होतं की हिच्यात बसायचं कुठे. बाबा म्हणाले होते, आपल्याला कुठं जायचंय.

तेही खरंच होतं. उंद्रीला रेल्वे नाही. चिखलीला नाही, मेहकरला नाही, बुलढाणा जिल्ह्याचं गाव असून तिथेही नाही. दर निवडणुकीत आमच्या भागात रेल्वे येते आणि निकालाच्या दिवशी परत जाते. त्यामुळे गावातल्या कित्येकांनी पाहिलेली पहिली आगगाडी म्हणजे आमच्या बैठकीतली. पाहुणे सुपारी कातरता कातरता मान वर करून विचारायचे, ही कुठली हो? बाबा कधी म्हणायचे कॅलेंडरचं चित्र आहे, कधी म्हणायचे खामगावच्या बाजारात घेतलं. दोन वेगळी उत्तरं आहेत हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीनंतर त्याच बैठकीत कापूस पडायचा. पहिल्या वेचणीआधी आई शेतात जाऊन दहीभात शिंपडून यायची, त्याला आम्ही सीतादही म्हणायचो, आणि मग रोज संध्याकाळी गाठोडी येऊन ओतली जायची. ढीग वाढत वाढत तसबिरीपर्यंत चढायचा. कापसाला वास नसतो असं म्हणणाऱ्याने त्यात कधी डोकं खुपसलेलं नसणार. सरकीचा तेलकट, उबट वास, त्यात थोडी शेतातली धूळ, थोडा वेचणाऱ्या बायांच्या ओट्यांतला घाम. आम्ही त्या ढिगावर चढून झोपायचो, सकाळी अंगभर खाज सुटायची, आई ओरडायची आणि रात्री पुन्हा तिथेच. वर चढलं की गाडी अगदी डोळ्यांसमोर यायची. मग एके दिवशी पहाटे बैलगाड्या भरून खामगावला जायच्या, बैठक रिकामी व्हायची आणि गाडी पुन्हा उंचावर जाऊन बसायची. तो रिकामेपणा मला अजिबात आवडत नसे.

कापसावर पालथं पडून मी गाडीचा एकेक भाग पाठ केला होता. चाकं किती, खिडकी कुठे, पाठीमागे हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला पाण्याचा नळ. उजव्या कडेला कोळशाच्या डब्याच्या खाली, पुठ्ठ्याला चिकटून एक छोटं काळं टोक दिसायचं. तो ब्रेक असणार असं मी ठरवून टाकलं होतं आणि प्रमोदलाही तसंच शिकवलं होतं.

या गाडीवर हक्क सांगणारं घरात एकच माणूस होतं, कमळआत्या. बाबांची पाच वर्षांनी धाकटी बहीण, जानेफळला दिलेली. राखीला माहेरी यायची ती पोळा करूनच परतायची. ते पंधरा दिवस घरात आत्याचं राज्य. तिच्या पिशवीतून भाजलेल्या शेंगा निघायच्या, नव्या सुताचे गोंडे निघायचे, आणि तिचा आवाज पार ओसरीपासून गोठ्यापर्यंत फिरायचा. बाबा एरवी मोजकं बोलणारे, ती आली की आणखीच कमी बोलायचे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं आणि मग हात जोडून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबा हे शब्द इतक्या हळू म्हणायचे की बैलालाच ऐकू जावेत. गोठ्यात शेणाचा, ओल्या कडब्याचा आणि गरम लोण्यातल्या हळदीचा वास मिसळलेला असायचा. बैल डोळे मिटून उभे राहायचे. तो वास मला आता कुठे मिळत नाही. प्रमोदकडे ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टरला तो झेंडूची माळ घालतो.

बाबांचं आवतन देऊन झालं की दारातून आत्या दरवर्षी तेच म्हणायची, "म्यां गाडीलेबी देल्लं व्हतं आवतन." आणि सगळे हसायचे.

तिची गोष्ट अशी होती. ती सहा वर्षांची असताना आबांबरोबर, म्हणजे मी कधी न पाहिलेल्या माझ्या आजोबांबरोबर, जलंबच्या स्टेशनावर गेली होती. कुणाला तरी गाडीत बसवून द्यायचं होतं. दिवस नेमका खांदमळणीचा. स्टेशनात मेल उभी होती. आबांच्या पिशवीत बाजारातून घेतलेली हळद आणि लोणी होतं. आत्याने बोटं बुडवली आणि इंजिनाच्या खांद्याला चोळली. खांदा म्हणजे कुठे, तर जिथे डबे जोडलेले असतात तिथे. ओढायचं काम जिथून होतं तोच खांदा, जू तिथेच बसणार, हा तिचा हिशेब होता. मग तिने मेलला जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळी घातल्यावर एक पोळी पानावर घेऊन ती गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे लागेपर्यंत उभी राहिली.

"फोटो पाहून सपन पडलं हिले," बाबा म्हणायचे. तेवढं एकच वाक्य, आणि पुन्हा बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधायला लागायचे. पोळ्याच्या जेवणात कुणीतरी दाराकडे बघून विचारायचं, कमळीची गाडी नाही आली का अजून? आत्याही हसायची. तिचं हसणं सगळ्यांत आधी थांबायचं.

या चेष्टेत माझा वाटा मोठा आहे आणि तो मला टाळता येणार नाही. मी सहावी-सातवीत असेन. शिष्यवृत्तीच्या वर्गात नाव आलेलं, त्यामुळे जगातली सगळी गणितं आपल्याला सुटतात असा समज. एका खांदमळणीला मी सगळ्यांसमोर आत्याला विचारलं, डबे जोडतात ती जागा तर माझ्या बाबांच्या छातीएवढी उंच असते, तू सहा वर्षांची होतीस, तुझा हात पोचला कसा? आत्याने माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे बघितलं. बाबांनी मान वर केली नाही. "पोचला," असं म्हणून ती आत निघून गेली. त्यानंतर आमच्या घरात ते वाक्यच होऊन बसलं. फडताळातला लाडू कुणी पळवला, झाडावरचा पेरू कुणी काढला, की विचारायचं, हात पोचला कसा? मला त्या वाक्याचा कित्येक वर्षं अभिमान होता. आज लाज वाटते.

बाबा गेल्या साली गेले. तेव्हापासून आत्या दर आठवड्याला फोन करते. तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं जे आहे ते टिकवायचं असं डॉक्टर म्हणाले. तसबीर मी घेऊन आल्याचं तिला सांगितलं तेव्हा तिने आधी काच कुठे फुटली ते विचारलं. मग म्हणाली, "आणजो एकडाव. दिसते तंवर पाहून घेतो." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "एकानं तरी खरं म्हनावं, बाई. बस, येवढंच."

त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही. सत्याहत्तर वर्षांची बाई. पोरंबाळं, नातवंडं, शेतीवाडी सगळं झालं, आणि तिला हवं होतं ते एवढंच. मी मनाशी म्हटलं, पाकिटावरचा शिक्का वाचता येतो ना, मग हा वाच.

भाच्याने मोबाइलवर दहा मिनिटांत तसल्या नाकाची इंजिनं शोधून दिली, पण ती कुठली कुठली होती. मला आमची हवी होती. मग वानखडेकाका आठवले. रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले, बुलढाण्याला मुलाकडे राहतात आणि महिन्यातून एकदा आमच्या खिडकीवर येऊन पासबुक छापायची मशीन बंद का, याची चौकशी करून जातात. मी तसबीर घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी साबणाने हात धुतले, पुसले, आणि मगच ती घेतली.

मग ते तासभर बोलत होते आणि मी ऐकत होते. हे डब्ल्यू.पी., म्हणाले, मेल ओढणारं. भुसावळहून नागपूरकडे जाताना याच्यावर फायरमन म्हणून त्यांनी उमेदवारी केली होती. भट्टीत कोळसा टाकताना डोक्याला ओलं फडकं बांधायचे, तेही बडनेऱ्यापर्यंत वाळून कडक व्हायचं. निघण्याआधी नाकावरची चांदणी तेलाच्या बोळ्याने पुसायची, चांदणी मळकी असली की ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. हिची शिट्टी जाड, पोटातून येणारी. त्यांच्या बायकोने चहा आणला तो निवून गेला. मग त्यांनी पाण्याच्या नळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे जलंब आहे. मी विचारलं, नक्की? तर दुखावले. त्या नळाखाली अर्धं आयुष्य पाणी भरलंय, म्हणाले, माझ्या घरचा नळ मी चुकीन, तो चुकणार नाही.

म्हणजे कॅलेंडरचं चित्र नव्हतं. गाडी आमच्याच जिल्ह्यातली होती आणि आत्या म्हणते तिथलीच होती. मला एवढं पुरेसं वाटलं, मी उठायला लागले. काका अजून भिंग घेऊन उजव्या कडेला वाकलेले होते. ते माझ्या ब्रेकपाशी थांबले होते.

"हा पार्ट कोनता हाय?" ते स्वतःशीच म्हणाले. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "म्याडम, डब्ल्यू.पी.ले असा पार्टच नसते. हा पाय हाय. लेकराचा पाय हाय हा."

मी बघितलं. एकदा पाय म्हटल्यावर त्यात दुसरं काही दिसेचना. पाच बोटं होती. मी पन्नास वर्षं त्याला ब्रेक समजत होते.

तिथून मी घरी गेलेच नाही, सरळ बाजारात शकीलभाईंच्या दुकानात गेले. लग्नाच्या, साहेबांच्या, देवांच्या तसबिरी बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी चिमट्याने एकेक खिळा काढला, मागची फळी उचलली, पुठ्ठा फोटोला चिकटवलेला दिसला तेव्हा ओला कापूस फिरवत बसले. पुठ्ठा दुकानातला नाही, म्हणाले, घरी ब्लेडने कापलेला आहे आणि कणकेच्या लईने चिकटवलाय. "आधा फोटो तो दबाके रख्खा है किसीने," असं म्हणून त्यांनी उजवीकडची पट्टी हळूच सोडवली.

गाडीला डबे होते. एक पूर्ण आणि दुसऱ्याचं दार. खिडक्यांत माणसं बसलेली, एकीच्या कडेवर मूल, एकाच्या हातात पितळी गडवा. आणि कोळशाचा डबा जिथे संपतो आणि पहिला डबा जिथे जोडलेला आहे, तिथे खडीवर दोन मुलं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत चड्डी, ओझ्याने दात आवळलेले. त्याने एका मुलीला कमरेला धरून वर उचललेलं. तिचा एक पाय त्याच्या गुडघ्यावर आणि दुसरा मोकळा लोंबतोय. तिने हात लांब केलाय आणि तळवा लोखंडाला लावलाय. तिथे लोखंडावर बोटांचे फिकट पट्टे उमटलेले दिसतात. मुलाचे कान बाहेर निघालेले होते. ते कान मला माहीत होते. प्रमोदला तेच आहेत.

शकीलभाईंनी फोटो उलटा केला. खामगावच्या कुठल्याशा स्टुडिओचा पुसट शिक्का आणि त्याखाली शिसपेन्सिलीने लिहिलेलं, "मी व कमळी. खांदमळणीचा दिवस." तो गोल ळ मी आयुष्यभर बाबांच्या पत्रांत वाचला आहे. शिक्के वाचणाऱ्या माझ्यासारखीला त्याची ओळख पटवायची गरज नव्हती.

मला राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो नेऊन ठेवायचा कुठे हे कळत नाही. बाबा तिथे होते. त्यांनी तिला स्वतः उचललं होतं. आणि फोटो घरी आणून, बसून, ब्लेडने मोजून पुठ्ठा कापून त्यांनी स्वतःला आणि तिला झाकलं आणि मग सगळं घर तिला हसत असताना घुंगरं बांधत राहिले. फडताळातल्या लाडवाएवढी चोरी केली की ज्यांच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही, ते माझे बाबा. शकीलभाईंनी चहा मागवला. मी तो प्यायले की नाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि चिखली, मेहकर अशी गाड्या बदलत जानेफळ गाठलं. आत्या उन्हात ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. आता ती हे काम बोटांनीच करते, डोळ्यांना त्रास देत नाही. मी तिच्या मांडीवर फोटो ठेवला, नुसता, चौकटीशिवाय. तिने तो उचलून जो डोळा राहिला होता त्याच्यापाशी नेला, इतका जवळ की नाक टेकलं, आणि मग इंचाइंचाने सरकवत गेली. चांदणी, चाकं, कोळशाचा डबा. तिथे थांबली.

"माहा पाय," ती म्हणाली. मग थोडं पुढे. "किती बारीक दिसते व हा. किती बारीक व्हता दादा."

मी म्हटलं, आत्या, बाबा होते तिथे. तुला माहीत होतं. आम्ही सगळे तुला खोटी म्हणत होतो, मी तर तोंडावर विचारलं होतं, तू बोलली काऊन नाही?

तिने शेंगांची टोपली बाजूला केली. सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा हलका झाला होता. कल्पना दादाचीच होती. तोच म्हणाला की ही पण ओढते, हिच्याही खांद्याला लावू. आबा पाहुण्यांना डब्यात बसवत होते तेव्हा त्यानेच उचललं, आवतन दोघांनी मिळून दिलं. त्या दिवशी स्टेशनातल्या कुणाची तरी बदली झाली होती म्हणून फोटोवाला आलेला, तो गाडीचा फोटो घेत होता हे त्यांना कळलंही नाही. पुढे कापूस घेऊन खामगावला गेलेल्या दादाला तो स्टुडिओच्या काचेत दिसला आणि तो विकत घेऊन आला.

"मंग शिट्टी झाली. आमी कंदी ऐकली नव्हती येवढ्या जवळून. तो भ्याला. मले सोडलं आन पयाला. मी खाली पडलो, रुळाच्या पाशी. गाडी हालली व्हती. कोनी रूळ बदलनारा पॉइंटवाला व्हता त्यानं वेणीले धरून वढलं. नाहीतं आज तू कोनाले इचारलं असतं."

अंगणात कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"दादा नळाच्या मांगं बसला व्हता. दात वाजत व्हते त्याचे. म्हने, कमळे, मी व्हतो म्हनू नको. आईची आन घातली त्यानं मले. मंग मी त्याले काढून टाकलं गोष्टीतून. आता त्याले काढल्यावर हात कसा पोचला हे कसं सांगता येईन, तूच सांग."

मी म्हटलं, पण ते सत्तर वर्षं तुला खोटं पाडत राहिले. माझा आवाज चढला होता. आत्याने फोटो पदराने पुसला, तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

"खोटं नाही पाडत व्हता, व. भेत व्हता. गाडी व्हती म्हटलं असतं तं पुढचं सांगा लागलं असतं. मले वाटे, एखाद दिवशी म्हनन. नाही म्हटलं. पन फोटो लावला ना भितीवर. रोज सांजच्याले दिवा लावला का पाहे त्याच्याकडं, मी पाह्यलं हाय. आन पोळ्याले बैलायच्या मांगून पहिली पोळी मले वाढे, तुह्या आईच्याबी आंधी."

हे मला आठवत होतं. माहेरवाशिणीचा मान, असं आम्ही समजत होतो.

निघताना तिने मला थांबवलं. प्रमोदला फोटो दाखवावा असं तिचंच म्हणणं होतं, सगळ्यांना दाखवावा. पळाल्याचं मात्र त्याच्यासमोर काढू नको म्हणाली, त्याचा लय जीव होता बापावर. तुला लिहायचं असेल तर लिही. प्रमोद माझं लिहिलेलं काही वाचत नाही, हे आत्यालाही ठाऊक आहे. तो पेपरसुद्धा शेवटच्या पानापासून सुरू करतो आणि तिथेच संपवतो.

पुढच्या आठवड्यात माझ्या घरी गडंगनेर होतं. लग्नाआधी नवरदेवाला आणि त्याच्या घरच्यांना नातेवाइकांनी जेवायला बोलावायचं, ते गडंगनेर. प्रमोद, त्याची बायको, नवरदेव भाचा, त्याच्या चुलत बहिणी, सगळे आले. आत्याला मी आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. फोटोला शकीलभाईंनी नवी काच आणि नवी चौकट बसवली होती, पुठ्ठा लावला नव्हता. मी ती कपाटावर पालथी ठेवली होती आणि सकाळपासून माझा स्वयंपाकात जीव नव्हता. वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

पंगत बसली. आत्या ताटाची कड बोटांनी शोधत होती आणि हात जरा उजवीकडे गेला. प्रमोदच्या तोंडून ते निघालंच. त्यात काही वाईट नव्हतं, सवयीने निघालं. "काय आत्या, हात पोचते का नाही?" पोरी खिदळल्या. आत्या हसली, आणि नेहमीसारखीच सगळ्यांच्या आधी थांबली.

मी भाजीचं पातेलं खाली ठेवलं, कपाटावरून तसबीर काढली आणि प्रमोदसमोर धरली. एवढंच म्हणाले की ही आपल्याच बैठकीतली गाडी आहे, पुठ्ठ्याखाली एवढी आणखी होती. त्याने हात धुतले, लहानपणी चड्डीला पुसायचा तसे पँटला पुसले आणि ती घेतली. आधी डबे बघितले. मग मुलगी. मग मुलगा बघितला आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"हे बाबा आहेत?" त्याने मला विचारलं. मी मान हलवली.

कुणी जेवत नव्हतं. सगळे आत्याकडे बघत होते. ती पुढे वाकली, काचेवर बोट टेकवून कड चाचपत चाचपत त्या जागेवर आली. तिथे नेमकं काय आहे हे तिला आता दिसत नव्हतं, पण बोट बरोबर थांबलं.

"दादानं उचललं," ती म्हणाली, "म्हून पोचला."

प्रमोद उठला आणि ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, पोराच्या लग्नाची धावपळ डोक्यावर, आणि त्याचे डोळे भरून आलेले मला स्पष्ट दिसत होते. त्याने तिच्या भाकरीचे तुकडे करून दिले. मग लहान मुलं गोष्ट मध्येच तुटली की विचारतात त्या आवाजात त्याने विचारलं, "मंग? मंग काय झालं, आत्या?" आमच्या घरात तिला हे कुणी कधीच विचारलं नव्हतं.

आत्याने घास घेतला, सावकाश चावला.

"मंग काय," ती म्हणाली. "गाडी गेली. आमी दोघं हात धरून घरी आलो."